बंबखान्याचें कर्ज



ऋण काढून सण करूं नये, ही शिकवण आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि ती रास्तहि आहे. परंतु ऋण काढून विहीर खणावी कीं नाहीं, हा प्रश्न त्याहून निराळा; आणि गांवाची विहीर सर्व गांवानें मिळून ऋण काढून खणावी कीं नाहीं, हा तर त्याहूनहि निराळा. आज हा तिसरा प्रश्न आपणांपुढें मांडावयाचा आहे. शहराचे बंबखाने, म्हणजे आजच्या भाषेंत अग्निशमन केंद्रें, जुने झाले, त्यांच्या भिंतींना तडे गेले, नवे मोठे बंब जुन्या दरवाजांतून आंत शिरेनासे झाले, तर ते नव्यानें बांधण्यासाठीं शहरानें कर्जरोखे काढावे काय? परदेशांतील कांहीं शहरें असे रोखे काढतात. आपल्याकडील शहरांनीं पाण्यासाठीं आणि गटारांसाठीं रोखे काढले. बंबखान्याचें नांव मात्र त्यांत सहसा येत नाहीं. असें कां व्हावें, हें समजून घेण्यास थोडें मागें जाऊन पाहिलें पाहिजे.

मी राहतों तें कळसाडी हें नंदुरबार जिल्ह्यांतील एक खेडें. खेड्यांतल्या माणसानें शहराच्या कर्जाची उठाठेव कां करावी, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. आमच्या भागांतील मुलें आज शहरांत राहतात, तेथल्या कारखान्यांत आणि उंच इमारतींत काम करतात. शिवाय कडब्याच्या गंजीनें पेट घेतला तर बंब किती दुरून येणार, याचा हिशेब खेड्यांतला माणूस नेहमींच मनांत बाळगून असतो. शहरांतला माणूस तो करीत नाहीं. बंब आपल्या शेजारींच आहे, एवढ्यावर तो निश्चिंत असतो. तो बंबखाना कोणत्या अवस्थेंत आहे, हें पाहावयास तो जात नाहीं.

मुंबईपासून आरंभ करूं. १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं मुंबईच्या किल्ल्यांतील बाजारांत आग लागली आणि तटाच्या आंतील दाट वस्तीचा मोठा भाग जळून गेला. त्या वेळीं जोनाथन डंकन हा गव्हर्नर होता. या आगीनंतर तटाबाहेरच्या मोकळ्या जागेंत वस्ती वाढण्यास मोठी चालना मिळाली. दाटीची वस्ती धोक्याची असते हें कळण्यास कांहीं मोठी विद्या लागत नाहीं. पण ती दाटी मोडण्याचें काम कोणा शहाण्याच्या सल्ल्यानें झालें नाहीं, तें आगीनें केलें. हा पहिला दाखला ध्यानांत ठेवावा, कारण पुढील दीडशें वर्षांत याच गोष्टीची पुनरावृत्ति झालेली दिसते.

दुसरा दाखला पैशाचा आहे. १८६५ सालीं आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले. रस्ते, गटारें, बाजार यांचीं कामें त्यांनीं धडाक्यानें काढलीं. त्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेली मंडई, जिला आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात, ती १८६९ सालीं पुरी झाली. कामें उपयोगाचीं होतीं यांत शंका नाहीं. परंतु खर्च उत्पन्नाच्या बाहेर गेला आणि १८७१ सालीं करदात्यांनीं मोठी ओरड केली. त्या वादांत तरुण फिरोजशहा मेहतांनीं क्रॉफर्ड यांची बाजू घेतली आणि त्याबरोबरच असें प्रतिपादन केलें कीं, खरा उपाय माणूस बदलण्याचा नसून पद्धति बदलण्याचा आहे. करदात्यांनीं निवडलेले प्रतिनिधि कारभारांत आले पाहिजेत. १८७२ च्या कायद्यानें चौसष्ट सभासदांची म्युनिसिपालिटी स्थापन झाली आणि त्यांतील निम्मे, म्हणजे बत्तीस, सभासद करदात्यांनीं निवडावयाचे ठरलें. आपल्या देशांत नागरी स्वराज्याचें जें रोपटें वाढलें, त्याच्या मुळाशीं खर्चाच्या हिशेबाचा हा तंटा आहे. शहरानें पैसा खर्च करावा, पण ज्यांचा पैसा त्यांना विचारून करावा, हें तत्त्व तेव्हां मुंबईच्या कायद्यांत उतरलें.

पुढें १८८८ चा मुंबई म्युनिसिपल कायदा आला. त्याआधीं आगीचा बंदोबस्त पोलीस कमिशनरकडे असे. या कायद्यानें बंबाचें दळ ठेवणें आणि आगीपासून जीवित व मालमत्ता यांचें रक्षण करणें हें म्युनिसिपालिटीचें आवश्यक कर्तव्य ठरविलें. आवश्यक म्हणजे, पैसे उरले तर करूं, नाहींतर राहूं देऊं, अशा जातीचें नव्हे. त्याच कायद्यानें सरकारच्या मंजुरीनें कर्ज काढण्याचा अधिकार दिला आणि तें फेडण्यासाठीं दरवर्षीं कांहीं रक्कम बाजूला टाकण्याचें बंधनहि घातलें. या बाजूला टाकलेल्या रकमेला कर्जनिवारण निधि म्हणतात. कर्तव्य, कर्ज आणि फेड या तिन्ही गोष्टी एकाच कायद्यांत शेजारीं शेजारीं बसलेल्या आहेत, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

१८९६ सालीं मांडवी भागांत प्लेग प्रकट झाला. त्यानें शहर अर्धें ओस पाडल्यावर १८९८ सालीं मुंबई शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. रोखे काढून त्यानें भांडवल उभें केलें, प्रिन्सेस स्ट्रीट व सँढर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते पाडले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आंखल्या. आणि १९३३ सालीं तो म्युनिसिपालिटींत विलीन झाला. त्याच्यावर एक आक्षेप तेव्हांपासून घेतला जातो, तो असा कीं, गरिबांच्या जितक्या खोल्या पाडल्या तितक्या त्यानें बांधल्या नाहींत. आक्षेप खरा आहे. कर्जाचा पैसा हातीं आला म्हणजे तो ज्यांच्या नांवानें उभारला त्यांच्यापर्यंत पोहोंचतोच असें नाहीं, हा त्यांतून घेण्याचा धडा.

आतां १४ एप्रिल १९४४ कडे येऊं. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ नांवाचें जहाज उभें होतें. त्यांत कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारें चौदाशें टन स्फोटक पदार्थहि होते. दुपारीं जहाजांतून धूर दिसला, बंब धांवले, आणि चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला प्रचंड स्फोट झाला. त्यानंतर थोड्याच वेळानें दुसरा झाला. शेंकडों माणसें मेलीं, हजारों बेघर झालीं, आणि आग विझविण्यास गेलेल्या जवानांपैकीं सहासष्ट जण धारातीर्थीं पडले. आजहि सर्व देशांत १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. हे जवान बंब कमी पडले म्हणून मेले असें म्हणणें सत्याला सोडून होईल. कापूस आणि दारूगोळा एका जहाजांत घालून तें भर वस्तीजवळच्या गोदींत आणलें गेलें, हा मूळ दोष. परंतु व्यवस्थेंत जी उणीव राहते ती भरून काढावयास शेवटीं बंबवाल्याचा देह पुढें करावा लागतो, एवढें त्या दिवसानें दाखविलें. ९ मे २०१५ रोजीं काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली, तेव्हां मुंबईच्या दलाचे प्रमुख धरून चार अधिकारी प्राणांस मुकले. एकाहत्तर वर्षांनंतरहि हिशेब त्याच नाण्यांत चुकविला गेला.

येथें एका परक्या शहराचें उदाहरण देणें अवश्य आहे, कारण बंबखान्याची इमारतच धोक्याची असली म्हणजे काय होतें, हें त्या शहरानें जगाला दाखविलें. १८ एप्रिल १९०६ रोजीं पहांटे अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरांत भूकंप झाला. तेथील अग्निशमन दलाचे प्रमुख डेनिस सलिव्हन हे बंबखान्यांतच झोपलेले होते. शेजारच्या उंच हॉटेलाचें बांधकाम त्या इमारतीवर कोसळलें आणि ज्याच्याकडे सर्व शहर आशेनें पाहणार, तोच पुरुष पहिल्या कांहीं क्षणांत जायबंदी झाला. चार दिवसांनीं तो वारला. जमिनीखालच्या पाण्याच्या नळ्या फुटल्या होत्या. शहर तीन दिवसांहून अधिक काळ जळत राहिलें. त्यानंतर १९०८ सालीं तेथल्या मतदारांनीं बावन्न लक्ष डॉलरांचे कर्जरोखे मंजूर केले आणि केवळ आगीसाठीं निराळी जलव्यवस्था उभी केली. पुढें शंभर वर्षांनीं बंबखाने आणि पोलिसांच्या इमारती भूकंपांत टिकतील अशा करण्याकरितां त्याच शहरानें २०१०, २०१४ आणि २०२० सालीं मतदारांपुढें रोख्यांचे ठराव मांडले. पहिला सुमारें एकेचाळीस कोटी डॉलरांचा होता, दुसरा चाळीस कोटींचा आणि तिसरा सुमारें त्रेसष्ट कोटींचा. असा ठराव मंजूर होण्यास तेथें दोन-तृतीयांश मतें लागतात. तिन्ही वेळां तीं मिळालीं. १९०८ चें कर्ज राखेंतून उठून काढलें होतें. शंभर वर्षांनंतरचीं कर्जें मात्र पुढील भूकंपाच्या आधीं काढलीं. आग लागल्यावर विहीर खणणारें शहर आग लागण्याआधीं खणूं लागलें, हा फरक लहान नाहीं.

आपल्याकडील स्थिति पाहूं. पोलीस हा आपल्या राज्यघटनेप्रमाणें राज्य सरकारचा विषय आहे. तेव्हां ठाण्यांच्या इमारतींचा भार शहराच्या शिरावर येत नाहीं. अग्निशमन मात्र शहराचें काम आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें जोडलेल्या बाराव्या परिशिष्टांतील अठरा विषयांत त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. शहरांच्या रोख्यांचीहि परंपरा नव्यानें सुरू झालेली आहे. बंगळूरनें १९९७ सालीं राज्य सरकारच्या हमीवर रोखे काढले. अहमदाबादनें १९९८ सालीं सरकारी हमीवांचून, स्वतःच्या पतीवर, शंभर कोटींचे काढले. पुणें महानगरपालिकेनें २०१७ सालीं चोवीस तास पाणी देण्याच्या योजनेसाठीं दोनशें कोटी रुपये सात पूर्णांक एकोणसाठ शतांश टक्के व्याजानें, दहा वर्षांच्या मुदतीनें उभारले. म्हणजे मार्ग ठाऊक नाहीं असें नव्हे.

मग बंबखाना मागें कां पडतो? कारण उघड आहे. पाण्याची पट्टी येते, मंडईचें भाडें येतें. बंबखान्याचें उत्पन्न येत नाहीं. त्याचें उत्पन्न म्हणजे न जळलेलीं घरें, आणि न जळलेल्या घराची पावती कोणी फाडीत नाहीं. म्हणून तो विषय अनुदानावर सोंपविला जातो. २००६ सालीं महाराष्ट्रानें आग प्रतिबंधाचा निराळा कायदा केला. २०२३ सालीं केंद्र सरकारनें अग्निशमन सेवांच्या वाढीसाठीं पांच हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु अनुदान हें दुसऱ्याच्या मर्जीचें धन. तें केव्हां येईल हें देणारा ठरवितो. आगीचें वेळापत्रक त्याला जुळेलच असें नाहीं.

जुन्या शिक्षकाच्या संवयीप्रमाणें एक लहानसें गणित मांडतों. समजा, एका शहरांत एक लाख घरें आहेत आणि बंबखाने नव्यानें बांधण्यास वीस कोटी रुपये हवेत. वीस वर्षांच्या मुदतीनें आणि आठ टक्के व्याजानें रोखे काढले, तर दरसालचें व्याज एक कोटी साठ लक्ष, आणि कर्जनिवारण निधींत टाकावयाचे एक कोटी. एकूण दोन कोटी साठ लक्ष. दर घरामागें वर्षाला दोनशें साठ रुपये, महिन्याला बावीस रुपयांच्या आंत. हें ऐकून मन हलकें होतें. पण गणिताची दुसरी बाजू लपवूं नये. तीच रक्कम आज रोख दिली तर घरटीं दोन हजार पडतात. रोख्यांनीं वीस वर्षांत पांच हजार दोनशें. निधीवर व्याज मिळून तें ओझें कांहीं कमी होईल, परंतु कर्ज फुकट नाहीं. मग तें काढावें कां? रोख दोन हजार एकदम कोणी देत नाहीं म्हणून. वाट पाहण्यांत बांधकामाचा भाव वाढत जातो म्हणून. आणि मुख्यतः, पन्नास वर्षें टिकणाऱ्या इमारतीचा सर्व भार एकाच वर्षाच्या करदात्यांनीं वाहावा हें न्यायाचें नाहीं म्हणून. आज जन्मलेलें मूल मोठें होऊन त्याच बंबखान्याच्या भरंवशावर झोंपणार आहे. त्यानेंहि आपला वांटा उचलावा.

मात्र या न्यायाला तीन अटी लागू आहेत, आणि त्या वर सांगितलेल्या इतिहासांतूनच निघतात. कर्जाची मुदत इमारतीच्या आयुष्यापेक्षां कमी असावी, म्हणजे पडक्या भिंतींचे हप्ते नातवंडांना भरावे लागणार नाहींत. ज्या कामासाठीं रोखे काढले त्याच कामावर पैसा खर्च व्हावा, आणि त्याचा हिशेब दरसाल छापून घरोघर कळावा. तिसरी अट, नागरिकांना आधीं विचारावें. अमेरिकेंतल्याप्रमाणें प्रत्येक कर्जावर मतदान घेणें आपल्या कायद्यांत नाहीं. परंतु सभागृहांत ठराव येण्यापूर्वीं कोणता बंबखाना किती जुना आहे, कोठून कोठें बंब किती मिनिटांत पोहोंचतो, हें लोकांपुढें ठेवण्यास कोणताहि कायदा आड येत नाहीं. १८७१ सालच्या करदात्यांनीं जो हक्क मागितला तो केवळ कर कमी करण्याचा नव्हता. काय चाललें आहे हें जाणण्याचा होता.

आपल्यापैकीं ज्यांचीं घरें शहरांत आहेत त्यांना एकच विनंति आहे. एखाद्या रविवारीं सायंकाळीं फिरावयास निघालांत म्हणजे आपल्या भागांतील बंबखान्यावरून जावें. भिंत पाहावी, छप्पर पाहावें, बंब आंत-बाहेर करण्यास वाट मोकळी आहे कीं नाहीं तें पाहावें, तेथल्या माणसांना विचारावें. त्यानंतर नगरसेवक मत मागावयास आला कीं, त्यालाहि एक प्रश्न विचारावा. रस्ते आणि दिवे यांविषयीं तो बोलेलच. बंबखान्याविषयीं त्याला आपण बोलतें करावें.