कुत्र्या-मांजरांचे आजार : चावा झाला तर काय, जनावर आजारी पडलं तर काय?

जव्हार/मोखाडा : पाड्यावर प्रत्येक दोन-तीन घरांमागे एखादं कुत्रं असतंच. पण ते आजारी पडलं तर दवाखान्यात न्यायची सवय आपल्याकडे फारशी नाही. बैल-शेळीला डॉक्टर बोलावला जातो, कुत्र्याला नाही. यातला सर्वात मोठा धोका माणसालाच आहे, तो म्हणजे रेबीज.

कुत्रं पिसाळलं की ते अंगावरच धावून येईल असं नाही. कधी ते अंधाऱ्या कोपऱ्यात गप्प पडून राहतं, जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही. घशात हाड अडकलं असं समजून लोक तोंडात हात घालतात. हे कधीही करू नका. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या गाई-म्हशीचीही अशीच लाळ गळते, तिच्या तोंडातही हात घालू नये.

कुत्रं किंवा मांजर चावलं, ओरखडलं, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण 15 मिनिटं धुवावी. मिरची, चुना, हळद, तेल काही लावू नये. मग थेट सरकारी दवाखाना गाठावा. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत असते. ती कातडीत देतात तेव्हा पहिला दिवस शून्य धरून 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी घ्यायची असते. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टरांना आवर्जून विचारा. भगताकडे जायचं असेल तर जा, पण लस घेऊन झाल्यावर. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

चावलेलं कुत्रं 10 दिवस धडधाकट राहिलं तर चावताना त्याला रेबीज नव्हता असं धरतात. पण त्याची वाट बघत लस थांबवू नये. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जाणाऱ्यांचे डोस अर्धवट राहू शकतात. लसीचा कागद सोबत ठेवा, पुढचा डोस तिकडच्या सरकारी दवाखान्यात मिळतो.

कुत्र्याला रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, मग महिन्याने एकदा आणि पुढे दरवर्षी द्यायची. मांजरालाही लागते.

पिल्लांचा मोठा शत्रू म्हणजे पार्व्हो. पिल्लू खाणं सोडतं, उलट्या करतं, रक्ताची घाण वास येणारी हगवण लागते. दूध पाजू नका, त्याच दिवशी सलाईनसाठी न्या, कारण लहान पिल्लू दोन-तीन दिवसांतच जातं. हा विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून जिथे पिल्लू मेलं तिथे लस न दिलेलं नवीन पिल्लू लगेच आणू नये. पार्व्होची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते.

गोचीड चिकटलेलं कुत्रं सुस्त झालं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर तो गोचीड ताप असू शकतो. औषध आहे, वेळेत द्यावं लागतं. पावसाळ्यात जखमेत किडे पडतात; जखम कानामागे, शेपटीखाली दडलेली असते, म्हणून रोज बघा. खरजेवर गाडीचं जळकं ऑईल चोपडायची पद्धत मात्र बंद करा. कुत्रं ते चाटतं आणि विष पोटात जातं.

मांजराला माणसाची पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, एका गोळीनेही ते मरू शकतं.

उपचारासाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. फोन करताना पाड्याचं नाव, जवळची ग्रामपंचायत आणि गाडी कुठपर्यंत येते हे आधी सांगा.