बालवाडीचे पुढारपण: भावनगरपासून परंड्यापर्यंत

अंगणवाडी सेविकेला काम शिकवणारी, तिचे काम जवळून पाहणारी आणि अडेल तिथे वाट दाखवणारी बाई म्हणजे मुख्यसेविका. आजच्या सरकारी कागदांत तिला पर्यवेक्षिका म्हणतात. तिच्या वर बाल विकास प्रकल्प अधिकारी असतो. धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यात, काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे ओळखल्या जाणाऱ्या सोनारीसारख्या गावात, अंगणवाडीतल्या मुलांच्या वाट्याला काय येते हे जितके सेविकेवर, तितकेच या दोन पदांवर अवलंबून असते. ही पदे १९७५ नंतर गावोगाव पोचली. पण लहान मुलांच्या शिक्षणात पुढारपण कोणी करायचे आणि त्यासाठी माणूस कसा तयार करायचा, हा प्रश्न शिक्षणकर्मींनी त्याच्या पन्नास वर्षे आधीच हाती घेतला होता. त्यांना सापडलेले उत्तर साधे होते: जिने मुलांत बसून काम केले आहे, तीच दुसरीला शिकवू शकते. पुढच्या काळात हे उत्तर मागे पडले. ते पुन्हा जागेवर आणण्याचे प्रयत्न अजून चालू आहेत.

भावनगर आणि दादर

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. गिजुभाई मूळचे वकील. मारिया माँटेसरी यांची पद्धत अभ्यासून त्यांनी ती आपल्याकडच्या गोष्टी, गाणी आणि घरगुती कामे यांच्याशी जुळवून घेतली. बालमंदिर नावारूपाला आले तशी पुढची अडचण उभी राहिली. असे वर्ग ठिकठिकाणी काढायचे तर ते चालवायला शिक्षक हवेत, आणि तसे शिक्षक कुठेच तयार होत नव्हते. त्यासाठी बालमंदिराला जोडूनच १९२५ साली अध्यापन मंदिर निघाले.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९२३ च्या सुमारास राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडले आणि त्या गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. परिषदा, नियतकालिके आणि अध्यापन मंदिरे या तीन वाटांनी संघाने बालशिक्षणाचा प्रसार केला. मराठी ‘शिक्षणपत्रिका’ ताराबाईंनी चालवली.

या प्रशिक्षणाचा गाभा निरीक्षण हा होता. माँटेसरी पद्धतीत शिक्षिकेने आधी हात आवरायला शिकायचे असते. एखादे मूल लाकडी दट्टे खाचांत बसवत आहे, एक दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला आहे, शेवटी एक उरला आहे आणि खाच मात्र लहान आहे. अशा वेळी शिक्षिकेने पुढे होऊन दट्ट्या बदलून द्यायचा नसतो. मूल थांबते, पुन्हा सगळे काढते, पुन्हा बसवते. हे सगळे शांतपणे पाहायचे आणि नोंदवायचे असते. ही सवय पुस्तकातून लागत नाही. जिला ती लागली आहे अशा बाईच्या शेजारी बसून ती लागते. अध्यापन मंदिर बालमंदिराला लागून असण्याचे कारण हेच. सकाळी जे पाहिले त्याची चर्चा करायची, आणि चर्चेत जे ठरले ते दुसऱ्या दिवशी मुलांमध्ये करून पाहायचे.

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. तिथेही बालवर्ग आणि शिक्षिकांचे अध्यापन मंदिर एकत्र चालले. १९३९ मध्ये खुद्द माँटेसरी मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. त्यांच्या प्रशिक्षणवर्गांमुळे देशभरात या विषयाची जाण वाढली. तरी दादरच्या शिशुविहाराचा लाभ मुख्यतः शहरी, सुशिक्षित घरांना होत होता. साधने महाग होती आणि शिक्षिकाही त्याच घरांतल्या होत्या.

बोर्डी आणि कोसबाड

१९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातले, आज पालघर जिल्ह्यात असलेले हे समुद्रकाठचे गाव. तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि त्यात त्यांना सहकारी मिळाल्या त्या अनुताई वाघ (१९१०–१९९२). अनुताई बालविधवा, पेशाने शिक्षिका. कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात दोघींची गाठ पडली आणि पुढचे सारे आयुष्य अनुताईंनी या कामाला दिले. १९५६–५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या मध्यावर गेले.

बोर्डीत पहिल्यांदा एक गोष्ट लक्षात आली. केंद्रात बालवाडी उघडली म्हणून गावातली सगळी मुले तिथे येत नाहीत. दूरच्या पाड्यावरच्या मुलाच्या कडेवर धाकटे भावंड असते, गुरे त्याच्यावर सोपवलेली असतात, आणि आईबापांना बालवाडीचा उपयोग ठाऊक नसतो. त्यावर ताराबाईंनी दोन प्रकारच्या बालवाड्या चालवल्या. एक मध्यवर्ती, दुसरी वस्तीतल्या अंगणात भरणारी. अंगणात जाणाऱ्या शिक्षिकेचे पहिले काम मुलांचे हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. साधने म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणणारी विकासवाडी कोसबाडला उभी राहिली.

या कामाने पुढारपणाची व्याख्याच रुंद केली. दादरच्या शिक्षिकेला मूल कळले की पुरत होते. कोसबाडच्या शिक्षिकेला वस्ती कळावी लागे: कोणत्या दिवसांत पाडा ओस पडतो, कोणत्या घरात मूल उपाशी झोपते, कोणाचे बोलणे पाड्यात ऐकले जाते. तिच्या प्रशिक्षणात आरोग्य, आहार, आयांशी बोलणे आणि गावाशी संबंध राखणे हे विषय बालशिक्षणाच्या बरोबरीने आले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. सरकारने पुढे देशभर जी अंगणवाडी नेली तिची बरीचशी घडण या टेकडीवर झाली होती.

निजामी मुलखातून सरकारी योजनेपर्यंत

दादर-बोर्डीचे हे काम मुंबई इलाख्यात होत असताना परंडा तालुका हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मुंबई-पुण्याकडे बालशिक्षण संस्थांच्या आणि कार्यकर्त्यांच्या बळावर वाढले. मराठवाड्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या खेड्यांत ते मुख्यतः सरकारी योजनेचे बोट धरून आले. त्यामुळे इथे योजनेची रचना जशी, तसाच बालशिक्षणाचा दर्जा राहिला.

१९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि बालवाड्यांना अनुदान मिळू लागले. १९६० च्या दशकाच्या आरंभी भारतीय बालकल्याण परिषदेमार्फत बालसेविका प्रशिक्षण सुरू झाले. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने राज्यपातळीवर पूर्वप्राथमिक शिक्षणाचे केंद्र असावे आणि टप्प्याटप्प्याने प्रत्येक जिल्ह्यात असे एक केंद्र उभे करावे, असे सुचवले. शिक्षिका तयार करणे, वर्गांना भेटी देणे, साधने बनवणे ही कामे त्या केंद्राने करायची होती. गावाच्या जवळ बसून मार्गदर्शन करणारी ही व्यवस्था देशभर उभी राहिली असती, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

तसे न होता २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातले धारणी पहिल्या प्रकल्पांपैकी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा एका अंगणवाडीत आल्या. त्यासोबत प्रशिक्षणाची उतरंडही आली. दिल्लीच्या राष्ट्रीय लोक सहयोग व बाल विकास संस्थेने, म्हणजे निपसिडने, प्रकल्प अधिकाऱ्यांना घडवायचे, मध्यम स्तर प्रशिक्षण केंद्रांनी मुख्यसेविकांना, आणि अंगणवाडी प्रशिक्षण केंद्रांनी सेविकांना. सेविकेचे पायाभूत प्रशिक्षण सुरुवातीला सुमारे तीन महिन्यांचे होते. पुढे ते कमी होत गेले, आणि अधूनमधून उजळणी प्रशिक्षण आले.

या रचनेचे मोठे श्रेय असे की खेड्यातल्या लाखो बायांना पहिल्यांदाच पगारी नसले तरी मानधनाचे, गावात मान असलेले काम मिळाले. अनुभवी सेविकेला मुख्यसेविका होण्याची वाटही खुली झाली. पण मुख्यसेविकेचा दिवस कसा जातो ते पाहिले की उणीव कळते. तिच्याकडे वीस-पंचवीस अंगणवाड्यांचे बीट असते. भेटीला गेली की हजेरीपट पाहायचा, आहाराचा साठा ताडायचा, मुलांची वजने तपासून वाढीच्या तक्त्यावरचा ठिपका बरोबर पडला आहे का हे पाहायचे, गरोदर व स्तनदा मातांच्या नोंदी मिळवायच्या. दर महिन्याला बैठक आणि अहवाल. एवढे आटोपून ती निघते तेव्हा सेविकेने गोष्ट कशी सांगितली, कोपऱ्यात गप्प बसलेल्या मुलाला कसे बोलते केले, हे पाहायला वेळ उरत नाही. आहार आणि वजन मोजता येते, म्हणून तपासले जाते. शिक्षण मोजायला अवघड, म्हणून ते मागे राहते. पर्यवेक्षण राहिले, मार्गदर्शन आटले.

मराठवाड्याचा अनुभव

पर्यवेक्षण नीट झाले तर काय साधते, याचा दाखला मराठवाड्यानेच दिला. या शतकाच्या आरंभी औरंगाबाद महसूल विभागात, ज्यात तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हाही येतो, कुपोषणाविरुद्ध एक मोहीम हाती घेतली गेली. तिच्यातूनच २००५ मध्ये औरंगाबादेत राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले. व्ही. रमणी त्याचे पहिले महासंचालक. प्रत्येक मुलाचे खरे वजन नोंदवणे, आकडे लपवण्याची भीती घालवणे, आणि महसूल, आरोग्य व बाल विकास या तिन्ही खात्यांनी एकत्र बसणे यावर मिशनचा भर होता. वजन कमी निघाले म्हणून वरून बोलणी बसत असतील, तर खालून खोटे आकडे येतात. वरचा माणूस मदतीला येतो असे दिसले, की खरे आकडे येतात. नेतृत्वाच्या प्रशिक्षणात शिकवण्याजोगा याहून मोठा धडा नाही.

२०१८ मध्ये धाराशिव जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत निवडला गेला. त्याच वर्षी सुरू झालेल्या पोषण अभियानात मासिक बैठकीलाच प्रशिक्षणवर्ग करण्याची पद्धत आली. २१ छोटे पाठ एकेक करून मुख्यसेविकेने आपल्या बीटातल्या सेविकांना शिकवायचे. तपासणारी बाई पुन्हा शिकवणारी होऊ लागली.

पुन्हा शिक्षणाकडे

२०१३ च्या राष्ट्रीय धोरणाने बालपणातील संगोपन आणि शिक्षण यांना स्वतंत्र स्थान दिले. महाराष्ट्रात ‘आकार’ हा अभ्यासक्रम अंगणवाड्यांत आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वयाची तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला. मे २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात प्रकल्प अधिकारी आणि पर्यवेक्षिका आधी प्रशिक्षक होतात आणि मग सेविकांना शिकवतात. मार्च २०२४ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ ही मार्गदर्शिका आणि तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आला.

इतर देशांत पुढारपणाच्या तयारीची ही वाट नवीच आहे. इंग्लंडमध्ये बालकेंद्रांच्या प्रमुखांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय पात्रता या शतकाच्या पहिल्या दशकात आली आणि बालशिक्षणातील नेतृत्वाची नवी पात्रता २०२२ मध्ये. आपल्याकडे या कामाला शतकाचा अनुभव आहे. भावनगरने शिकवले की प्रशिक्षण मुलांच्या शेजारी झाले पाहिजे. कोसबाडने शिकवले की पुढारपण करणाऱ्या बाईला वस्ती ओळखता आली पाहिजे. मराठवाड्याच्या मोहिमेने दाखवले की वरच्या माणसाची भीती गेली तरच खालचे काम सुधारते. परंड्याच्या प्रकल्पात पर्यवेक्षिकेला बीटातल्या प्रत्येक अंगणवाडीत महिन्यातून एकदा तरी सकाळभर मुलांत बसता येईल एवढी सवड आणि तेवढे शिक्षण मिळाले, तर या तिन्ही गोष्टी सोनारीतल्या अंगणवाडीपर्यंत पोचतील. ती सवड देणे हे सरकारचे काम आहे, आणि ते आता लांबवता येण्यासारखे नाही.