आवाज बाईचा, दोष भोंग्याचा



भोंगा माहीत नाही अशी बाई आपल्या आर्णी तालुक्यात सापडायची नाही. बाबा कंबलपोष यांचा उरूस असो, गणपती असो, दुर्गादेवी असो, लग्न असो की निवडणूक, भोंगा आधी येतो आणि माणसे मागून. ग्रामसभेतही तो असतो. पण ग्रामसभेत एखादी बाई माईकसमोर उभी राहिली की मागून कुणीतरी बोलतोच, "बाईचा आवाज किरकिरा लागते, सचिवांना वाचू द्या." हे इतक्या वेळा कानावर पडते की आपल्यालाही ते खरे वाटू लागते. म्हणून आज मी आवाजाच्या यंत्राचा इतिहास सांगणार आहे. तो ऐकल्यावर किरकिरेपणा कुणाचा, हे तुम्हीच ठरवा.

सुरुवात पेटीपासून करू. नुसती तार छेडली तर आवाज अगदी बारीक येतो. तीच तार भोपळ्यावर बसवली की घर भरून जाते. मिरजेत साधारण १८५० पासून तानपुरे आणि सतारी बनतात. आधी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हा धंदा तिथे रुजवला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या कारागिरांकडे तानपुरे दोन तऱ्हेचे असतात. पुरुषांचा मोठा, मोठ्या भोपळ्याचा, आणि बायकांचा लहान, आखूड तारांचा. बाईचा सूर वरचा, म्हणून तिचा तानपुरा वेगळा. "बाई, तुझा सूर बदल" असे तो कारागीर म्हणाला नाही. त्याने वाद्य बदलले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता लाऊडस्पीकरकडे येऊ. १९१५ साली अमेरिकेत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी विजेवर हलणाऱ्या पडद्याला ग्रामोफोनचा कर्णा जोडला. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्को शहरात हजारो लोकांना त्यांनी त्यावरून गाणी आणि भाषण ऐकवले. कर्णा काय करतो? वावरात लांबच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती दोन्ही हात धरतो, तेच करतो. आवाज इकडेतिकडे सांडू न देता एका दिशेला नेतो. शिवाय थोड्या विजेत मोठा आवाज देतो.

दहा वर्षांनी, १९२५ साली, चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अभियंत्यांनी कागदी शंकूचा स्पीकर पुढे आणला. आजही डब्यातल्या स्पीकरमध्ये तोच शंकू असतो. पण शंकूची एक अडचण असते. तो पुढे हवा ढकलतो तेव्हा मागची हवा ओढतो. बादलीभर पाण्यात तळहात हळू हलवून पाहा. पाणी पुढे जाण्याऐवजी हाताच्या कडेने मागे वळते. तसेच इथे होते. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि जाड, खालचे सूर नाहीसे होतात. म्हणून स्पीकर लाकडी पेटीत बसवू लागले. पेटी पूर्ण बंद केली तर मागचा आवाज आत कोंडला जातो. पेटीला मापाचे भोक ठेवले तर मागचाच आवाज वळून पुढच्याला मदत करतो. आत कापूस किंवा तसलेच काही मऊ भरले की पेटीचा घुमारा कमी होतो. स्पीकर तोच असला तरी पेटी बदलली की आवाज बदलतो.

हे सगळ्यात चांगले ओळखले ते गिटारवाल्यांनी. इलेक्ट्रिक गिटारला पोकळ पोट नसले तरी चालते, कारण तिचा आवाज तारेतून यंत्रात आणि यंत्रातून पेटीत जातो. अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कारखान्यातल्या पेट्यांची पाठ उघडी असायची. त्यांचा आवाज मोकळा, खोलीभर पसरणारा. लंडनमध्ये जिम मार्शल यांनी १९६२ पासून यंत्रे बनवायला घेतली आणि त्यांची चार स्पीकरांची, पाठ बंद केलेली पेटी जगभर गाजली. तिचा आवाज जाड, समोर आदळणारा. गिटारचा स्पीकर फार वरचे सूर देतच नाही, साधारण पाच हजार कंपनांच्या पुढे तो गप्प होतो. त्यामुळे तारेचा कर्कशपणा गाळला जातो आणि गोडवा उरतो. म्हणजे वादकाने आपल्या वाद्याला शोभेल असा स्पीकर आणि अशी पेटी निवडली. मिरजेच्या कारागिराने केले तेच.

आपल्या देशात ही निवड कशी झाली? मुंबईत मोटवाने कुटुंबाची शिकागो रेडिओ नावाची कंपनी होती. १९३० च्या दशकापासून काँग्रेसच्या मोठ्या सभांना माईक आणि भोंगे त्यांचेच असत. जुन्या फोटोंत गांधीजींच्या, नेहरूंच्या समोरच्या माईकवर ते नाव दिसते. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर गांधीजींनी 'छोडो भारत'चे भाषण केले. दुसऱ्या दिवशी पुढारी तुरुंगात गेले आणि मैदानावर झेंडा फडकवला तो अरुणा असफ अली यांनी. त्याच महिन्यात बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलीस मागावर, म्हणून त्या जागा बदलत राहिल्या. १२ नोव्हेंबरला पकडल्या गेल्या. चार वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यात शिकागो रेडिओचे नानिक मोटवानेही आरोपी होते. मैत्रिणींनो, आपल्या देशातला हा बिनपरवान्याचा, निर्भय रेडिओ एका तरुण मुलीच्या आवाजाने ओळखला जातो. बाईचा आवाज यंत्राला चालत नाही असे म्हणणाऱ्याला हे नाव सांगा.

स्वातंत्र्यानंतर आवाज गावात आला. १९४८ मध्ये नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे भरवली. लोक एकत्र बसून ऐकत आणि मग चर्चा करत. आपले हे सामुदायिक रेडिओचे काम त्याच वाटेवरचे आहे.

पण सभेसाठी गावाने भोंगाच उचलला, आणि त्याला कारण होते. पेटीतला साधा स्पीकर शंभर भाग विजेतले एखाद-दोन भागच आवाजात बदलतो. भोंगा त्याच्या कितीतरी पट बदलतो. गावात वीज नव्हती तेव्हा बैलगाडीवर किंवा जीपवर बॅटरी ठेवून भोंगा वाजायचा. पत्र्याचा असल्याने पाऊस-धूळ सोसायचा. गरजेपोटी आलेला तो पाहुणा घरचाच झाला.

त्याचा दोष असा. भोंग्याचे तोंड जेवढे लहान, तेवढे खालचे सूर तो सोडून देतो. सभेतला भोंगा साधारण तीनशे कंपनांच्या खालचे फारसे देत नाही आणि दोन ते चार हजारांच्या मधले जोरात देतो. आपला कानही नेमका त्याच पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. पुरुषाच्या बोलण्याचा पाया सेकंदाला साधारण सव्वाशे कंपनांचा, बाईचा दोनशेच्या आसपास. दोघांचाही पाया भोंगा कापतो. पण पुरुषाच्या पायावरचे सूर एकमेकांजवळ असतात. त्यातले पुष्कळ भोंग्याच्या पट्ट्यात बसतात आणि ऐकणाऱ्याचा मेंदू गेलेला भाग भरून काढतो. बाईचे सूर विरळ, म्हणून आधार कमी. त्यात ती घाबरून ओरडली की सगळा जोर त्या तिखट पट्ट्यात जातो. उरते ती किरकिर.

ही तक्रार जुनी आहे. १९२७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या एका अभियंत्याने यावर लेखच लिहिला. यंत्रावरून बायकांचे बोलणे पुरुषांइतके नीट का समजत नाही, याचे कारण त्याने बायकांच्या आवाजाच्या घडणीत शोधले. यंत्रे बनवणारे पुरुष, तपासणारे पुरुष, आणि नापास झाली बाई! मिरजेच्या कारागिराने वाद्य बदलले होते, इथे बाईलाच गप्प केले.

आता दुसरे टोक पाहा. गेल्या काही वर्षांत भोंग्याच्या जागी डीजेच्या पेट्यांची भिंत आली. त्यातल्या मोठ्या शंकूंचे काम खालचा धमधमाट करण्याचे. पन्नास कंपनांच्या आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. ती दारे-खिडक्या बंद करून थांबत नाही, टिनाचे छत थरथरते, पाळण्यातले लेकरू दचकते. इथे कायदा आपल्या बाजूचा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर तो बंद हवा. सरकार वर्षातून १५ पर्यंत दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, तेवढीच. राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. त्रास झाला तर ११२ वर फोन करता येतो. एकटीने करायची भीती वाटली तर गटाने करा.

ग्रामसभेसाठी काय करायचे? नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, हे आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. खुर्ची मिळाली, आता आवाज नीट पोचला पाहिजे. माईक तोंडापासून चार बोटांवर धरा, जरासा तिरपा. ओरडू नका, नेहमीच्या आवाजात बोला. बाया लाजून माईकपासून दूर उभ्या राहतात, मग ऑपरेटर आवाज वाढवतो आणि शिट्टी वाजते. ती शिट्टी तुमची नसते. भोंग्याचा आवाज परत माईकमध्ये शिरला की ती होते. म्हणून भोंगा किंवा स्पीकर बोलणाऱ्याच्या पुढे ठेवा, मागे नको. ऑपरेटरला 'ट्रेबल' थोडा कमी करायला सांगा. सभा टिनाच्या शेडमध्ये असेल तर सतरंज्या, गाद्या अंथरा, घुमणे कमी होते. सभागृहात भोंग्याऐवजी पेटीचा किंवा उभ्या खांबासारखा स्पीकर मागा.

जे गट मंडप-साऊंडचा धंदा करायचा विचार करत आहेत, त्यांनी खरेदीआधी दुकानात एका बाईला बोलायला लावून ऐकावे. नुसते गाणे वाजवून पाहू नये.

पुढच्या महिला सभेत एवढा एक विषय लिहून घ्या: पंचायतीचा माईक आणि स्पीकर बायकांचे बोलणे नीट ऐकू येईल असा असावा. ठराव वाचायला सचिवांना देऊ नका. माईक चार बोटांवर धरा आणि तुमच्यापैकीच कुणीतरी वाचा.