बाळाचे दुखणे ओळखणारी नजर

डेव्हिड ससून यांच्या देणगीतून बांधलेले ससून रुग्णालय 1867 साली पुण्यात उभे राहिले. मुलांची दुखणी मात्र त्यानंतरही कित्येक दशके घरातच निघत. ताप, जुलाब, खोकला, गोवर, कांजिण्या, गालगुंड, आकडी या नेहमीच्या आजारांची पहिली पारख आई, आजी आणि सुईण यांच्याकडेच होती. 1911 ते 1915 या काळात ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे दोनशेहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावत. 2020 च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रासाठी हाच आकडा 16 आहे. या दोन आकड्यांमधल्या अंतराचे श्रेय लसींना, प्रतिजैविकांना, स्वच्छ पाण्याला आणि बऱ्या अन्नाला दिले जाते, आणि ते त्यांचे आहेच. पण या हिशेबात एक मोठी बाब नोंदायची राहून जाते. औषध कपाटात असते आणि मूल घरी असते. या दोहोंमध्ये कुणीतरी आजार वेळेवर ओळखावा लागतो. हे ओळखण्याचे कौशल्य पुण्यात घरातल्या बायकांकडून, रीतसर शिकलेल्या परिचारिकेकडे आणि तिच्याकडून गावातल्या आरोग्य कार्यकर्तीकडे कसे गेले, हा या शहराच्या इतिहासातला मोठा धडा आहे. ओळखणाऱ्या व्यक्तीला उपचाराचा अधिकारही मिळाला, तेव्हाच त्या कौशल्याने मुले वाचवली, असे या इतिहासावरून माझे ठाम मत झाले आहे.

सुरुवात घरातल्या ज्ञानापासून करायला हवी, कारण त्याला अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. मूल बोलत नाही, म्हणून त्याचे दुखणे त्याच्या वागण्यावरून वाचावे लागते, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. काश्यपसंहिता या जुन्या ग्रंथात वेदनाध्याय नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. कान दुखत असेल तर मूल हातांनी कान चोळते, डोके दुखत असेल तर डोके सारखे हलवते आणि रात्री रडते, अशी लक्षणे त्यात अवयवानुसार सांगितली आहेत. पुण्यातल्या वाड्यांमधली आजी हा ग्रंथ वाचत नसे, पण तिची पद्धत तीच होती. मूल अंगावर पीत नाही, किरकिर थांबून एकदम मलूल झाले, टाळू खोल गेली, श्वास घेताना पोट उडते आहे, हे तिला दिसत असे. सहाणेवर हिरडा, वेखंड, मुरडशिंग, जायफळ, सुंठ यांचे मोजके वेढे उगाळून गुटी देताना ती रोज त्या बाळाचा रंग, शी, भूक आणि झोप पाहत असे. आजच्या परिचर्येच्या अभ्यासक्रमात बाळाच्या निरीक्षणाच्या ज्या बाबी शिकवल्या जातात, त्यांतल्या पुष्कळशा या रोजच्या पाहण्यात आलेल्या होत्या.

खोट पाहण्यात नव्हती, पाहिल्यावर काढलेल्या निष्कर्षात होती. टाळू खोल जाणे हे अंगातले पाणी कमी झाल्याचे स्पष्ट लक्षण आहे. ते अचूक टिपले जाई आणि मग टाळूवर तेल थापले जाई. जुलाब वाढतील या भीतीने पाणी मात्र तोडले जाई. त्यामुळे ज्या मुलाला पाण्याची सर्वांत जास्त गरज होती, त्यालाच ते मिळत नसे. पोट उडते आहे, बरगडी आत ओढली जाते आहे, ही न्यूमोनियाची खूण ठिकठिकाणी निरनिराळ्या नावांनी ओळखली जाई, पण उपाय म्हणून पोटावर डाग दिला जाई किंवा बिब्बा लावला जाई. जुलाब सुरू झाले की ‘दात येताहेत’ हे उत्तर तयार असे, आणि त्या उत्तरामुळे धोक्याचे दिवस वाट पाहण्यात जात. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया मुलांना अफू असलेली बाळगोळी देत. मूल शांत होई, आणि त्याचे मलूल होणे हे आजाराचे लक्षण आहे की अफूचा परिणाम, हे कळण्याची वाटच बंद होई. आकडी आलेल्या मुलाला कांदा हुंगवण्यात वेळ जाई. कुशीवर वळवून श्वासाची वाट मोकळी ठेवायची असते, हे घरात कुणालाच ठाऊक नसे. आजी श्वास पाही, पण मोजत नसे, आणि मोजले असते तरी किती म्हणजे धोका हे सांगणारे कुणी नव्हते.

दुसरीकडे, शास्त्र ज्यांच्याकडे होते त्यांना घरात जागा नव्हती. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल जन्मानंतर दहा दिवसांत गेले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या आणि 1886 साली अमेरिकेत पदवी घेऊन परतल्या, पण 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी प्लेग आला. वॉल्टर रँडच्या प्लेग समितीने गोरे सैनिक पाठवून घरांची झडती घेतली, रोगी शोधून उचलून नेले, आणि शहराने त्या शोधाला अत्याचार म्हणूनच ओळखले. आजार ओळखण्याचे काम घरच्यांच्या विश्वासाशिवाय केले की काय होते, याचा हा कडवट दाखला आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचवले. मूल वाचले, सावित्रीबाईंना मात्र संसर्ग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. एका बाजूला सक्ती आणि दुसऱ्या बाजूला सेवा, असे दोन मार्ग त्या एका वर्षात पुण्यासमोर होते. यापुढे घरात शिरायचे असेल तर घरच्यांचा भरवसा असलेल्या, त्यांची भाषा बोलणाऱ्या आणि रीतसर शिकलेल्या स्त्रिया हव्यात, हे विचारी माणसांना उमगले असणार.

ते प्रत्यक्षात आणले रमाबाई रानडे यांनी. न्यायमूर्ती रानड्यांच्या मृत्यूनंतर त्यांनी सार्वजनिक कामाला वाहून घेतले आणि 1909 साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुणे सेवासदन सुरू केले. शिवणकाम, लेखन-वाचन, शिक्षिकांचे वर्ग यांना समाजाचा फारसा विरोध नव्हता. विरोध झाला तो परिचारिकेच्या शिक्षणाला. परक्या पुरुषांच्या वॉर्डात वावरायचे, सगळ्या जातींच्या रोग्यांना शिवायचे, मलमूत्र काढायचे, रात्रपाळी करायची. हे कुलीन घरच्या बाईने, त्यातही विधवेने, करायचे हे तेव्हाच्या पुण्याला पटणे अवघड होते. रमाबाईंनी हा आक्षेप नम्रतेने ऐकला, पण मानला नाही. सेवासदनच्या विद्यार्थिनी ससूनमध्ये परिचर्या आणि प्रसूतिविद्या शिकू लागल्या आणि त्यांच्या राहण्याची सोय संस्थेने केली. घराला ओझे वाटणाऱ्या विधवेच्या हाती प्रतिष्ठेची विद्या आली, हा या घटनेचा सामाजिक अर्थ पुष्कळांनी सांगितला आहे. तिचा वैद्यकीय अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे. गुटी उगाळणाऱ्या हाताला तापमापक धरता येऊ लागला. ज्या बाईला बाळंतिणीच्या खोलीत सहज प्रवेश होता, तिलाच नाळ स्वच्छ कापणे म्हणजे काय आणि धनुर्वात कशाने होतो हे समजले.

त्या शिक्षणाने नेमके काय बदलले? कार्ल वुंडरलिश यांनी तापाच्या नोंदींवरचा आपला ग्रंथ 1868 साली प्रसिद्ध केला आणि त्याच सुमारास क्लिफर्ड ऑलबट यांचा आखूड तापमापक वापरात आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचर्येवरच्या पुस्तकाची 1861 ची आवृत्ती कष्टकऱ्यांच्या घरांसाठी काढली, तेव्हा तिच्यात तान्ह्या मुलाच्या सांभाळावर वेगळे प्रकरण घातले. या सगळ्याचा गाभा एकच होता: पाहिलेले मोजा, मोजलेले लिहा, लिहिलेले पुढच्या पाळीला सांगा. चढता-उतरता ताप कागदावर आला की तो कुठल्या दिवशी कसा वागतो हे दिसते. गोवराचे पुरळ कानामागून आणि चेहऱ्यावरून खाली उतरते आणि त्याआधी ताप, सर्दी, लाल डोळे येतात, हे क्रमाने लिहिले की गोवर आणि कांजिण्या यांत गोंधळ होत नाही. पण अशी माणसे होती किती? भोर समितीने 1946 च्या अहवालात सबंध देशात सुमारे 7,000 परिचारिका मोजल्या, म्हणजे साधारण 43,000 लोकांमागे एक. त्याच अहवालाने सांगितले की एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे दहा वर्षांखालील मुलांचे आहेत. सेवासदनने दाखवलेली वाट बरोबर होती, पण तिच्यावरून चालणाऱ्यांची संख्या गरजेच्या मानाने नगण्य होती. शिवाय ही परिचारिका रुग्णालयात होती आणि डॉक्टरांच्या सांगण्याबाहेर काही करण्याचा अधिकार तिला नव्हता.

पुढचे पाऊल पडले ते शहराबाहेर. रास्ता पेठेतले केईएम रुग्णालय 1912 साली सुरू झाले. 1944 मध्ये डॉ. बानू कोयाजी तिथे आल्या तेव्हा ते लहानसे प्रसूतिगृह होते. त्यांच्या काळात ते मोठे रुग्णालय झाले. पण रुग्णालय कितीही वाढले तरी मरणाच्या दारातली मुले येतच राहणार, हे त्यांनी ओळखले आणि सत्तरच्या दशकात वढूच्या परिसरात ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. गावातल्याच स्त्रियांना निवडून आरोग्याचे शिक्षण देणे हा त्याचा कणा होता. त्या कामासाठी त्यांना 1993 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सत्तरच्याच दशकात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हाच विचार वेगळ्या वाटेने राबवत होते. जुलाबावरचा उपायही याच सुमारास घरच्यांच्या हाती आला: 1971 साली बंगालमधल्या बोनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा घातलेले पाणी नातेवाइकांच्या हातून पाजून कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आणले होते. खोल गेलेली टाळू, चिमटा सोडल्यावर हळू मागे जाणारी कातडी आणि रडताना न येणारे अश्रू ओळखणाऱ्या बाईच्या हाती आता बरोबर उपायही आला. तेल थापण्याऐवजी तिने हे पाणी चमचा-चमचा पाजायचे होते.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. मुले वाचली ती लसींमुळे, औषधांमुळे आणि पोटभर अन्नामुळे. ओळखणाऱ्या बाईला त्याचे श्रेय देणे ही भावुकता आहे, असे कुणी म्हणेल. लसींचे मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पुण्यातच 1966 साली स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसींनी जगभरची मुले वाचवली आहेत. पण औषध आहे आणि ओळखणारे नाही, अशी स्थिती मोजून पाहिली गेली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस न्यूमोनियावर प्रयोग केला. को-ट्रायमोक्साझोल हे स्वस्त औषध आधीही मिळत होते. नवे एवढेच होते की आरोग्य कार्यकर्ते आणि सुइणी यांना मुलाचे श्वास मोजायला शिकवले गेले. आकडे न येणाऱ्या सुइणींसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले श्वासमापक केले. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू प्रयोगाच्या गावांत 8.1 आणि तुलनेच्या गावांत 17.5. पाऊस तोच, गरिबी तीच, फरक पडला तो श्वास मोजून लगेच औषध देणाऱ्या माणसामुळे. 1999 साली नवजात बाळांच्या घरच्या शुश्रूषेचे निष्कर्ष आले, त्यात नवजात मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले. यानंतर श्रेयाच्या हिशेबात ओळखणाऱ्याला वगळणे पुराव्याला धरून नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा असतो आणि तो जबाबदारीच्या भावनेतून येतो. परिचारिकेला किंवा गावातल्या बाईला प्रतिजैविक देऊ दिले तर चुका होतील, औषधांचा गैरवापर होईल. ही भीती खरी आहे, म्हणूनच उत्तर नियमात आहे. दोन महिन्यांखाली मिनिटाला 60, वर्षाच्या आत 50 आणि पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास म्हणजे वेगवान श्वास, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रतिजैविक कधी द्यायचे याबरोबर कधी द्यायचे नाही हेही सांगते. साध्या सर्दी-खोकल्याला औषध नाकारण्याचे बळ तिच्यामुळे मिळते. मूल पीत नाही, सगळे ओकते, आकडी आली, बेशुद्ध किंवा फारच सुस्त आहे, यांपैकी एक खूण दिसली तरी थेट रुग्णालय, हा नियम 2003 पासून भारतात शिकवल्या जाणाऱ्या एकात्मिक बालआजार व्यवस्थापनाचा पाया आहे. वाट्टेल तशी औषधे लिहिली जाण्याचा धोका नियमाने बांधलेल्या हातांपेक्षा नियम नसलेल्या हातांत जास्त असतो, मग तो हात कुणाचाही असो.

तिसरा आक्षेप आजच्या पुण्याचा आहे: कोपऱ्या-कोपऱ्यावर बालरोगतज्ज्ञ असताना हा इतिहास कशाला हवा? कारण डॉक्टर मुलाला दहा मिनिटे पाहतात आणि परिचारिका आठ तास. रात्री तीन वाजता श्वासाची गती वाढते तेव्हा ते पाहणारी तीच असते. तिच्याकडे चाळीस खाटा असतील तर ती मोजू शकत नाही, आणि तिने नोंदलेले कुणी वाचत नसेल तर तिचे मोजणे वाया जाते. आणि महानगराच्या वस्त्यांमध्ये आशा कार्यकर्तीचे शब्द आधी ऐकले जातात, तज्ज्ञांचे नंतर. रमाबाईंनी शंभर वर्षांपूर्वी या विद्येला प्रतिष्ठा मिळवून दिली; तिला पुरेशी माणसे, योग्य वेतन आणि नियमांच्या चौकटीत उपचाराचा अधिकार देण्याचे काम अजून अपुरे आहे. महापालिकेने आणि रुग्णालयांनी ते आता करावे. वाचकांनीही एक गोष्ट आजपासून करावी: घरात ताप-खोकल्याने आजारी मूल असेल तर ते शांत असताना घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत, आणि वर दिलेली मर्यादा गाठली गेली असेल तर सकाळची वाट पाहू नये.