'पेट फ्रेंडली' हॉटेल म्हणजे नेमकं काय? डोरिस डेच्या सायप्रस इनमध्ये याचं उत्तर सापडतं

हॉटेल बुक करताना ॲपवर 'पेट फ्रेंडली'चा फिल्टर लावला की भराभर नावं समोर येतात. प्रत्यक्षात त्यातल्या बऱ्याच ठिकाणी या शब्दाचा अर्थ एवढाच असतो, की कुत्रा आणलात तर परत पाठवणार नाही, पैसे मात्र जादा लागतील. लॉबीत नको, लॉनवर नको, जेवायला बसता तिथे तर नकोच. मग कुत्र्याने सुट्टीत करायचं काय? खोलीत बसून दाराकडे बघत राहायचं.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या एका जुन्या हॉटेलाचं नाव नेहमी घेतलं जातं. कॅलिफोर्नियातल्या कार्मेल-बाय-द-सी या गावातलं सायप्रस इन. गाव जेमतेम तीन-साडेतीन हजार वस्तीचं, पण समुद्रकिनाऱ्यामुळे जगभर माहीत असलेलं. सॅन होजेहून गाडीने साधारण सव्वाशे किलोमीटर. त्यामुळे बे एरियातल्या मराठी मंडळींसाठी कार्मेल म्हणजे शनिवार-रविवारची ठरलेली सहल. घरात कुत्रा असला की मात्र याच सहलीचं गणित बदलतं.

हॉटेल १९२९ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव होतं ला रिबेरा. पांढऱ्या भिंती, लाल कौलं, मध्ये मोकळं अंगण. त्या काळात कॅलिफोर्नियात स्पॅनिश धाटणीच्या इमारतींची चलती होती, त्यातलीच ही एक. खोल्या चाळीस-पंचेचाळीसच. एवढ्यावर ते गावातलं एक देखणं जुनं हॉटेल म्हणूनच राहिलं असतं. पण १९८० च्या दशकात डोरिस डे त्याची भागीदार झाली.

ही डोरिस डे कोण?

'के सेरा सेरा' हे गाणं ऐकलं असेल, तर तिचा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. हिचकॉकच्या 'द मॅन हू न्यू टू मच' या १९५६ च्या सिनेमातलं हे गाणं. याच सिनेमाचं काही शूटिंग मोरोक्कोत झालं. तिथल्या जनावरांची उपासमार बघून ती इतकी अस्वस्थ झाली, की त्यांच्या चारापाण्याची सोय झाल्याशिवाय काम करणार नाही असं तिने सांगून टाकलं. हा किस्सा तिच्याबद्दल कायम सांगितला जातो, आणि पुढचं आयुष्य पाहिलं तर तो अजिबात आश्चर्याचा वाटत नाही. १९७८ मध्ये तिने प्राण्यांसाठी स्वतःची संस्था काढली. १९८७ मध्ये प्राण्यांच्या बाजूने कायदे व्हावेत म्हणून दुसरी. सिनेमा केव्हाच मागे पडला होता. २०१९ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी तिचं निधन झालं, तेही कार्मेलजवळच.

अशी बाई हॉटेलची भागीदार झाल्यावर कुत्र्यांना दार उघडं होणारच होतं. सायप्रस इनच्या भिंतींवर आजही तिच्या सिनेमांची पोस्टर्स दिसतात आणि रिसेप्शनवर कुत्र्यांसाठी बिस्किटं असतात. संध्याकाळी माणसं पेय घेऊन बसतात तेव्हा पायाशी त्यांचे कुत्रे असतात. बिस्किटांचं कौतुक सोशल मीडियावर खूप होतं, पण ती दुय्यम गोष्ट आहे. मालक जिथे बसतो तिथे कुत्र्यालाही बसता येतं, खरा फरक तिथे आहे.

हे वाटतं तितकं सोपं नाही. जिथे अन्न तयार होतं आणि वाढलं जातं, तिथे पाळीव प्राणी चालत नाहीत, असा कॅलिफोर्नियाचा आरोग्य कायदा सांगतो. रेस्टॉरंटच्या बाहेरच्या, उघड्या भागात कुत्र्यांना बसू देण्याची राज्यभर स्पष्ट मुभा मिळाली ती १ जानेवारी २०१५ पासून, तीही अटींसह. पट्टा हवा, खुर्चीवर बसवायचं नाही, आणि आतल्या जेवणघरातून न नेता बाहेरूनच यायचं. जुन्या पद्धतीच्या हॉटेलांना त्यांचं मधलं अंगण इथे कामाला येतं.

गोची कुठे होते?

कुत्र्याला खोलीत एकटं सोडायचं नाही, हा अशा हॉटेलांचा नेहमीचा नियम. पहिल्यांदा जाणाऱ्यांना तो जाचक वाटतो. पण कुत्र्याच्या बाजूने बघा. अनोळखी खोली, अनोळखी वास, बाहेर सतत पावलांचे आवाज आणि आपली माणसं गायब. घरी गुणी असलेला कुत्राही अशा वेळी भुंकतो, दार ओरबाडतो. शंभरेक वर्षं जुन्या इमारतीत ते लाकडी दार बदलून मिळत नाही, आणि पातळ भिंतीपलीकडच्या पाहुण्याची झोप उडते ती वेगळीच.

म्हणजे जाल तिथे कुत्रा सोबत. कार्मेलच्या किनाऱ्यावर हे फार सुखाचं आहे. मालकाच्या हाकेला ओ देणारा कुत्रा तिथे पट्ट्याशिवाय मोकळा धावू शकतो. (घाण उचलायची पिशवी मात्र खिशात पाहिजेच.) पण तिथून काही किलोमीटरवर पॉइंट लोबोस हे राखीव निसर्गक्षेत्र आहे, आणि कार्मेलला आलेला माणूस ते बघितल्याशिवाय सहसा परतत नाही. तिथे कुत्र्यांना पूर्ण बंदी आहे. पट्टा बांधलेला असो, नाहीतर गाडीतच बसलेला असो, आत नेता येत नाही. मॉन्टेरेच्या प्रसिद्ध मत्स्यालयातही पाळीव कुत्रा चालत नाही.

मग थोडा वेळ गाडीत ठेवला तर? हा विचार सगळ्यात धोक्याचा. उन्हात बंद गाडी काही मिनिटांत तापते, काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि गरम कोंडलेल्या हवेत ते जमत नाही. जीव धोक्यात येईल अशा स्थितीत प्राण्याला गाडीत सोडणं कॅलिफोर्नियात गुन्हा आहे. २०१७ पासून तर तिथे पोलिसांना कळवून, दुसरा इलाज नसेल तर काच फोडून प्राण्याला बाहेर काढणाऱ्या सामान्य माणसालाही कायद्याचं संरक्षण आहे.

म्हणून बुकिंगच्या आधी विचारायचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. आम्ही बाहेर गेलो तर कुत्रा कुठे राहील, हा असतो. हॉटेल सांभाळणारं माणूस मिळवून देतं का, हे विचारून ठेवावं. नाहीतर घरातल्यांनी पाळीपाळीने फिरायचं. बाकी चौकशी लगेच होते: शुल्क रात्रीमागे की मुक्कामामागे, वजनाची मर्यादा आहे का, तळमजल्यावर खोली मिळेल का. घरची वापरलेली चादर सोबत न्यावी, धुवून नव्हे. ओळखीच्या वासावर कुत्रा लवकर रुळतो.

शुल्क वाचवायला 'हा सर्व्हिस डॉग आहे' असं सांगण्याची पळवाट काहीजण काढतात. अमेरिकी कायद्यानुसार सर्व्हिस डॉग म्हणजे अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी ठरावीक काम शिकवलेला कुत्रा. त्याला हॉटेल जादा शुल्क लावू शकत नाही. नुसता मानसिक आधार देणारा कुत्रा हॉटेलांसाठी या व्याख्येत बसत नाही. खोटं सांगितल्याचा फटका मग ज्यांना खरंच गरज आहे त्यांना बसतो, त्यांच्याकडे संशयाने बघितलं जातं.

भारतातून कुत्रा घेऊन जायचं असेल तर?

थोड्या दिवसांच्या सहलीसाठी तो खटाटोप न केलेलाच बरा. रेबीजच्या दृष्टीने अमेरिकेने जास्त धोक्याच्या ठरवलेल्या देशांच्या यादीत भारत आहे. ऑगस्ट २०२४ पासून नियम आणखी कडक झाले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, मायक्रोचिप हवी, लसीकरणाची ठरावीक नमुन्यातली कागदपत्रं हवीत. लस भारतात दिलेली असेल तर ठरावीक विमानतळांवरूनच प्रवेश मिळतो.

आपल्याकडे कुत्र्यांना जागा देणारं जुनं हॉटेल म्हटलं की मुंबईचं १९०३ चं ताज आठवतं. रतन टाटांच्या सूचनेमुळे तिथल्या दाराशी निवांत झोपलेले भटके कुत्रे अनेकांनी पाहिलेत. पण दाराशी झोपू देणं वेगळं आणि पाहुण्याच्या कुत्र्याला खोलीत मुक्काम करू देणं वेगळं. तो नियम प्रत्येक हॉटेलात आधी फोन करूनच विचारावा लागतो. आणि रेल्वेने जाणार असाल तर हॉटेलाआधी तिकीट बघा. कुत्रा सोबत ठेवायचा असेल तर फर्स्ट क्लासचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर लागते. टू-टियर, थ्री-टियर एसीत परवानगी नाही, त्या प्रवाशांच्या कुत्र्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीतून जावं लागतं.