‘ल’ची पाकळी आणि ‘श’चा देठ : मराठी अक्षरांच्या वळणाचा इतिहास

१/ हा धागा ज्या पडद्यावर वाचला जात आहे, त्यावरील ‘ल’कडे क्षणभर निरखून पाहावे. त्याच्या उजवीकडे उभा दंड आहे, की दोन पाकळ्या मधोमध एका लहानशा देठाला मिळाल्या आहेत? पहिले वळण हिंदीचे, दुसरे मराठीचे. शाळेच्या पाटीवर गिरवलेले वळण पडद्यावर का दिसत नाही, या प्रश्नामागे दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

२/ मराठी मुद्रणाचा आरंभ महाराष्ट्रात झाला नाही. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे देवनागरी खिळ्यांत छापले गेले. त्यांच्याच १८१० च्या कोशासाठी मात्र मोडीचे खिळे वापरले गेले. महाराष्ट्रात नित्याचे लेखन मोडीत आणि ग्रंथलेखन बाळबोधात चालत असे. तेव्हा छापील मराठीचे रूप कोणते असावे, हेच अजून ठरायचे होते.

३/ त्याच सुमारास मिरजेत तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. या पद्धतीत लेखनिकाचे वळण जसेच्या तसे कागदावर उमटते, पण दुसरे पुस्तक छापायचे तर सारे कोरीवकाम नव्याने करावे लागते. खिळ्याचे नेमके उलट. तो वारंवार वापरता येतो. मात्र त्यासाठी हाताच्या वळणातून एकच रूप निवडून ते पोलादात कोरावे लागते. कोणते रूप निवडायचे, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

४/ मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. छपाईच्या शाईत चरबी असते या शंकेने सनातनी मंडळी छापील पंचांग हाती धरणार नाहीत, म्हणून शाईत तूप वापरल्याचे सांगितले जाते. पुढे त्यांनी खिळेही पाडून घेतले. त्याच काळात अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम देवनागरी खिळे घडवीत होते.

५/ याच मिशन छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागलेला एक मुलगा म्हणजे जावजी दादाजी (१८३९–१८९२). १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. पोलादी ठशांवर अक्षरे कोरणारे कारागीर होते त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू. निर्णयसागरचे सुबक, ठसठशीत, बोरूच्या जाड-बारीक रेषा सांभाळणारे अक्षर पुढे देशभरातील संस्कृत ग्रंथांची ओळख बनले.

६/ देवनागरीला त्या काळी दोन माहेरे होती म्हणावे लागते : कलकत्ता आणि मुंबई. अ, झ, ण, ल, श अशा अक्षरांची दोन्हीकडील वळणे निराळी होती. पुढे हिंदीच्या प्रमाणीकरणात अ, झ आणि ण यांची मुंबईतील वळणे स्वीकारली गेली. ल आणि श यांच्याबाबत मात्र उत्तरेकडचीच वळणे कायम राहिली. दोन भाषांच्या अक्षरांतील आजचा फरक या निवडीतून उरलेला आहे.

७/ विसाव्या शतकात प्रश्न यंत्राचा झाला. देवनागरीच्या जुळाऱ्यापुढे शेकडो खाने असत, कारण जोडाक्षरे आणि काना-मात्रा यांसाठी स्वतंत्र खिळे लागत. लायनोटाइप यंत्राच्या कळा मात्र अवघ्या ९०. हरी गोविल यांनी १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये देवनागरी लायनोटाइप सिद्ध केला, तो अक्षरांची काटछाट करूनच. लिपीसाठी यंत्र, की यंत्रासाठी लिपी, हा वाद तेव्हापासून पेटला.

८/ महाराष्ट्रात सावरकरांनी ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला : इ, ई, उ यांच्याऐवजी अि, अी, अु. किर्लोस्कर मासिकांनी ती दीर्घकाळ चालवली. १९५३ मध्ये लखनौ येथील परिषदेने ऱ्हस्व वेलांटीही अक्षराच्या उजवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. यंत्राची सोय झाली, पण वाचणाऱ्या डोळ्यांना ते मानवले नाही. काही वर्षांतच वेलांटी आपल्या जागी परतली. लिपीच्या इतिहासात वाचकाच्या सवयीपुढे शासनाने माघार घेतल्याची ही ठळक नोंद आहे.

९/ छापील अक्षर असे आक्रसत असताना हाताचे अक्षर मात्र रंगभूमीवर बहरत होते. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी रेखाटलेली नावे हा त्याचा उत्तम दाखला. नाटकाचा भाव त्याच्या नावाच्या वळणातच दिसावा, ही त्यांची दृष्टी होती. अच्युत पालव यांनी मोडीच्या हस्तलिखितांचा अभ्यास करून तिचा प्रवाही वेग आधुनिक सुलेखनात आणला. सरकारी दप्तरांतून हद्दपार झालेली लिपी अशा रीतीने कलावंताच्या कागदावर परतली.

१०/ र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्यापाशी हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. कवी, सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रातील कलादिग्दर्शक आणि पुढे मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापक. अक्षर हे ध्वनीचे दृश्य रूप आहे, या जाणिवेने त्यांनी लिपीकडे पाहिले. विंडोज २००० सोबत घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ फाँट त्यांचाच. मोजक्या ठिपक्यांच्या तत्कालीन पडद्यावर जोडाक्षर वाचता यावे, ही त्या आरेखनापुढची मुख्य अट होती.

११/ युनिकोडने एक पेच सोडवला आणि दुसरा निर्माण केला. हिंदी ‘ल’ आणि मराठी ‘ल’ यांना एकच संकेतांक आहे, आणि तो योग्यही आहे, कारण अक्षर एकच आहे. फक्त वळण निराळे. परंतु त्यामुळे वळणाचा निर्णय फाँटकडे गेला. फोन-संगणकांत आधीपासून बसवलेल्या बहुतेक फाँटांनी हिंदी वळण हेच मूळ मानले आणि मराठी वळण, असलेच तर, पर्याय म्हणून मागे राहिले.

१२/ काही बाबतींत प्रश्न केवळ शोभेचा नसतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हा भेद ‘र’च्या एका आडव्या चंद्राकार रेषेवर उभा आहे. ती रेषा दाखवता येत नसेल, तर अर्थ बुडतो. इंग्रजी शब्दांसाठी लागणाऱ्या ‘ॲ’लाही युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये.

१३/ ६ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढला आणि पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ यांना प्रमाण ठरवले. आदेशाने पाठ्यपुस्तक बदलता येते, परदेशी कंपनीचा फोन बदलत नाही. तिथे उपयोगी पडले ते आरेखनकारांचे काम.

१४/ मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्ता’, ‘बलू’, ‘मोदक’ हे फाँट मुक्त परवान्याखाली कोणालाही विनामूल्य वापरता येतात. ‘मोदक’मध्ये अक्षर इतके गुबगुबीत आहे की आतल्या मोकळ्या जागा जवळजवळ मिटतात. रोमन लिपीच्या जाड अक्षराची ती नक्कल नाही. देवनागरीच्या गाठी आणि गोलाई किती फुगू शकतात, याचा तो शोध आहे. ‘जैनी’ फाँटची प्रेरणा तर १५०३ च्या कल्पसूत्राच्या हस्तलिखितातून आली आहे.

१५/ समकालीन अक्षररचनेतील हे काम पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांनी परदेशी साच्यात देवनागरी बसवण्याचा प्रयत्न केला, त्यांना मात्रा छाटाव्या लागल्या. ज्यांनी पोथी, दप्तर, नाटकाची जाहिरात आणि निर्णयसागरचे छापील पान न्याहाळले, त्यांना नवी रूपे सापडली. तंत्रज्ञानाची आडकाठीही आता फारशी उरलेली नाही. आजच्या फाँटमध्ये दोन्ही वळणे एकत्र ठेवता येतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली असेल, तर योग्य वळण आपोआप उमटते.

१६/ अडचण आहे ती या नोंदीचीच. असंख्य मराठी संकेतस्थळांवर ती केलेली नसते, आणि अनेक फाँटांत मराठी वळण घातलेलेच नसते. म्हणून पहिलीतले मूल वहीत एक ‘ल’ गिरवते आणि पडद्यावर दुसराच वाचते. आता पुन्हा एकदा या धाग्यातील ‘ल’कडे पाहावे. त्याला पाकळ्या दिसत असतील, तर त्या तिथे कोणीतरी जाणीवपूर्वक ठेवल्या आहेत.