रून अक्षरांचें रहस्य

डेन्मार्कमधील फ्यून बेटावर व्हिमोस नांवाची एक दलदल आहे. तेथें सांपडलेल्या एका जुन्या फणीवर 'हर्या' अशीं पांच अक्षरें कोरलेलीं आहेत. ही फणी इसवी सन १६० च्या सुमाराची असून, प्राचीन जर्मानिक लोकांच्या रून लिपीचा हा एक अगदीं आरंभींचा लेख होय. 'हर्या' हें फणीच्या मालकाचें नांव असावें, असें कित्येक पंडित मानतात. मंत्राक्षरें म्हणून जिची जगभर ख्याति, त्या लिपीचें आद्य दर्शन केंस विंचरण्याच्या फणीवर घडावें, हें विचार करण्याजोगें आहे.

या ख्यातीला आधार नाहीं असें नव्हे. चौथ्या शतकांत बिशप वुल्फिला यानें बायबलाचें गॉथिक भाषांतर केलें; त्यांत 'रूना' हा शब्द 'रहस्य' या अर्थीं येतो. ओडिन देवानें नऊ रात्री स्वतःला वृक्षाला टांगून घेऊन ही विद्या मिळविली, अशी नॉर्स पुराणकथा आहे. कांहीं शिलालेखांत शापवचनेंही आढळतात.

परंतु लिपीचा उगम दैवी नसून व्यवहारी दिसतो. रोमन साम्राज्याशीं व्यापार व सैनिकी चाकरी यांच्या निमित्तानें संबंध आलेल्या लोकांनीं दक्षिणेकडील अक्षरें पाहून ती घडविली असावी. तें मूळ लॅटिन, असें डॅनिश पंडित विमर यानें १८७४ मध्यें प्रतिपादिलें. इतरांनीं उत्तर इटलीच्या लिपींकडे बोट दाखविलें. लांकडाच्या रेषांत आडवी रेघ हरवते, म्हणून अक्षरें उभ्या व तिरप्या रेघांचीं झालीं. जुन्या मालिकेंत २४ अक्षरें होतीं. पहिल्या सहांच्या उच्चारांवरून तिला 'फुथार्क' म्हणतात. पहिल्या अक्षराचें नांव 'फेहू', म्हणजे गुरेंढोरें, धन. संस्कृत 'पशु' हा त्याचाच भाऊबंद.

नॉर्वेंतील बर्गेन बंदरांत १९५५ सालीं मोठी आग लागली. त्यानंतरच्या उत्खननांत सहाशेंहून अधिक मध्ययुगीन रून-लेख हातीं आले. मालावर बांधावयाच्या मालकांच्या चिठ्ठ्या, व्यापाऱ्यांचे निरोप, प्रेमाचे शब्द, असें त्यांचें स्वरूप आहे. एका काठीवर तर, गीदा तुला घरीं बोलावते, एवढाच निरोप कोरलेला आहे!

हें सर्व विसरलें गेलें म्हणजे काय होतें, याचा दाखला विसाव्या शतकानें दिला. व्हिएन्ना येथील गिडो फॉन लिस्ट यानें १९०८ मध्यें आपल्या कल्पनेनें १८ अक्षरांची गूढ मालिका रचून तिला प्राचीन ठरविलें. पुढें नाझींच्या 'एस्. एस्.' दलानें जोड रून-चिन्ह आपल्या गणवेशावर मिरविलें, आणि फणीवर नांव घालणाऱ्यांची लिपि वंशाभिमानाची व दहशतीची खूण झाली. तिचा खरा इतिहास सांगणें म्हणूनच अगत्याचें आहे. तो देवांचा किंवा वंशश्रेष्ठत्वाचा नसून, आपलें नांव व आपला निरोप मागें ठेवूं इच्छिणाऱ्या साध्या माणसांचा आहे.